विश्रांतवाडीचं पोट, मुंबईच्या डॉक्टर

आमच्या घरात कॅमेरा आला तो नणंदेसाठी. लग्न होऊन ती अमेरिकेला गेली आणि सासऱ्यांनी त्याच महिन्यात कॉम्प्युटर, ब्रॉडबँड आणि मॉनिटरच्या डोक्यावर चिमट्यानं बसवायचा कॅमेरा अशी सगळी जय्यत तयारी केली. सासरे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्म लेथवर काढल्यामुळे त्यांना यंत्राची भीती अशी नव्हतीच. कॉम्प्युटर अडला की ते त्याला हाताखालच्या माणसासारखे दरडावायचे. दर रविवारी सकाळी आमच्या विश्रांतवाडीच्या घरात, हॉलमध्ये, दरबार भरायचा. सासूबाई ठेवणीतली साडी नेसायच्या, तोंडाला पावडर लावायच्या, सोफ्यावरची चादर बदलायच्या. सासरे माइक तोंडाशी धरून विचारायचे, "हॅलो, आवाज येतोय का?" आवाज येत असला की दोन्हीकडून एकच गोष्ट सांगितली जायची: सगळं छान आहे. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नसले तरी छान, आणि तिकडे नणंद तापानं फणफणलेली असली तरी छान. लांबच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम होता. तो कुणी केला ते मला ठाऊक नाही, पण मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी मूळची नागपूरची. कंपन्या कॉलेजांतून पोरं घाऊक भावानं उचलत होत्या त्या दिवसांत पुण्याला आले आणि इथलीच झाले. अमेरिकेतल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात तयार व्हायचं आणि त्यातल्या चुका शोधायचं काम माझ्याकडे होतं. "हिला लोकांच्या कामात खोट काढायचा पगार मिळतो," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा. तोही आयटीतलाच, दुसऱ्या कंपनीतला. पाहुणे हसायचे, मीही हसायचे, कारण ते खरं होतं आणि त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिल्या खेपेला मात्र खोट माझ्याच अंगात निघाली आणि ती कुणाला वेळेवर दिसली नाही. सातव्या महिन्यात रक्तदाब एकाएकी चढला. डोकं दुखतंय ते स्क्रीनपुढं बसून, असं ऑफिसात आणि घरात सगळ्यांनीच धरलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा पोटातलं बाळ गेलेलं होतं. मुलगा होता. मी त्याला पाहिलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही. ते दुःख अजून जसंच्या तसं आहे, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मला एकच हवं होतं. हे मूल जिवंत घरी यावं. मुलगा, मुलगी, गोरं, काळं, कशाचीही मला पर्वा नव्हती. आमच्या डॉक्टर, म्हणजे आळंदी रस्त्याला ज्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं त्या, एकदम सरळ बाई. त्या म्हणाल्या की गरोदरपणातल्या रक्तदाबाचंच काम करणाऱ्या त्यांच्या एक सीनियर मुंबईला आहेत, आपण त्यांच्या सल्ल्यानं चालू. रोजचं मी बघेन, निर्णय त्या घेतील. पुण्यात मोठे डॉक्टर नव्हते असं मुळीच नाही, आणि पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण दुसऱ्या कुणाचं नाव आमच्या डॉक्टर इतक्या भरवशानं घेत नव्हत्या, आणि मला तेव्हा भरवसाच हवा होता.

मुंबईच्या डॉक्टरांना सुरुवातीला एकदा प्रत्यक्ष भेटून आलो. ठेंगण्या, पिकलेले केस आखूड कापलेले, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. माझी जुनी सगळी कागदपत्रं त्यांनी वाचली, मला तपासलं आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी जे झालं ते पुन्हा होऊ शकतं. होणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते होताना आपल्याला दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या हातात आहे." मागच्या वर्षभरात गोड बोलणाऱ्या माणसांचा मला इतका वीट आला होता की त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. त्यांनी रक्त पातळ ठेवायची एक बारीकशी गोळी सुरू केली आणि पंधरवड्यानं पुन्हा बोलावलं.

पंधरवडा व्हायच्या आत मला डाग दिसला. आमच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला, ऑफिस बंद केलं, जिना बंद केला. घाट उतरून मुंबई तर बंदच. मी पलंगावर पडून सगळ्यांशी भांडले. आमच्या डॉक्टरांशी भांडले, नवऱ्याशी भांडले, एकदा तर सासूबाईंच्या शिऱ्याशीही भांडले. ज्या एका माणसावर माझा विश्वास बसला होता तेच माणूस माझ्या हातून काढून घेतलं, असं मला वाटत होतं. मग एका दुपारी सासरे पलीकडं कॅमेऱ्यावरची धूळ पुसत बसले होते, ते उघड्या दारातून मला दिसलं आणि माझं डोकं चाललं. समुद्रापलीकडच्या बँकेच्या लोकांशी मी रोज संध्याकाळी पडद्यावर बोलत होते, त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका त्यांना दाखवत होते. आणि घाटाखालच्या एका डॉक्टरला माझं पोट दिसू नये?

नवऱ्यानं मुंबईला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की पेशंटला हात लावल्याशिवाय मी औषध देत नाही. तो नम्रपणे बरं म्हणून फोन ठेवणार होता. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि सांगितलं, "हात आमच्या इथल्या डॉक्टर लावतील. तुम्ही फक्त बघा आणि विचारा." मग त्या म्हणाल्या की शनिवारी दुपारी करून बघू, नाही जमलं तर तुम्ही दुसरा डॉक्टर शोधायचा. मी म्हटलं, जमेल. जमवणं हाच तर आमचा धंदा होता.

व्यवस्था अशी ठरली. आमच्या डॉक्टर दर सोमवारी दवाखान्यात जाता जाता आमच्या घरी येणार, रक्तदाब बघणार, लघवी तपासायला नेणार आणि निकाल मुंबईला कळवणार. शनिवारी दुपारी मुंबईच्या डॉक्टर मला कॅमेऱ्यातून बघणार. मधे काही वाटलं तर फोन होताच. पहिल्या शनिवारी जेवणं उरकायच्या आत सासूबाईंनी सोफ्याची चादर बदलली. मला धुवट गाऊनमधून काढून साडी नेसवली, वेणी घातली, पावडरीचा हात फिरवला आणि स्वतः ठेवणीतली साडी नेसून माझ्या शेजारी बसल्या. कॅमेऱ्यापुढं बसायचं म्हणजे असंच बसायचं, हे त्यांच्या दृष्टीनं ठरलेलं होतं. सासऱ्यांनी माइक हातात घेतला आणि विचारलं, "हॅलो, आवाज येतोय का?"

आवाज येत होता. चित्र मधेच थिजायचं आणि डॉक्टर तोंड अर्धवट उघडं ठेवून मिनिटभर तशाच राहायच्या, पण आवाज येत होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की शेजारी कोण आहे. मी म्हटलं, माझ्या सासूबाई. "त्या छान दिसतायत. आता पेशंट दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. सासूबाईंनी त्यातला पहिला भाग तेवढा घेतला आणि आठवडाभर शेजारणींना सांगितला.

हळूहळू आमची पद्धत बसली. खालची पापणी ओढून डोळा कॅमेऱ्याजवळ न्यायचा. मग पाय स्टुलावर ठेवायचा, सासऱ्यांनी कॅमेरा खाली वळवायचा आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. मी नडगीवर अंगठा दाबायचा आणि खळगा राहतो का ते डॉक्टरांनी बघायचं. मग प्रश्न: डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं काही चमकतं का, बाळ हलतं का. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याआधी सासूबाईच देऊन मोकळ्या व्हायच्या, आणि ती सगळी छान असायची. डॉक्टर त्यांना एकदा म्हणाल्या की बाळ तुमच्या पोटात आहे का. तेवढ्यापुरत्या त्या गप्प बसल्या.

डाग थांबले. सोनोग्राफी नीट आली. सोमवारमागून सोमवार रक्तदाब जागेवर राहिला. दर शनिवारी पडदा काळा झाला की मला परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखं वाटायचं. ऑफिसातल्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या की मुंबईचा डॉक्टर घरी बसून कसा काय बघतो, आणि मी त्यांना ऐटीत सगळं सांगायची. खरं सांगायचं तर मला माज आला होता. इतकी वर्षं पडद्यापुढं घालवल्याचं काहीतरी सार्थक झालं असं वाटत होतं.

सातवा महिना आला तशी मात्र माझी ऐट गळाली. याच महिन्यात मागचं बाळ गेलं होतं. सासूबाईंच्या मनानं मागच्या वेळी ओटी भरायची राहून गेली होती, आणि यंदा ती राहू द्यायची नाही असं त्यांनी कधीचंच ठरवलं होतं. माझी आई नागपूरला गुडघ्यांनी जखडलेली, म्हणून माहेरचंही सगळं त्यांनीच केलं. घरातल्या घरात बुद्धवंदना घेतली, चार शेजारणी बोलावल्या, हिरवी साडी नेसवली आणि कासारणीला घरी बोलावून माझे दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरले. हा चुडा बाळंतपण होईपर्यंत काढायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण बांगड्या मला आवडल्या. हात सडपातळ होते, बांगड्या सैल, त्यामुळं त्या कोपरापासून मनगटापर्यंत खळाखळा धावायच्या. मी कूस बदलली तरी स्वयंपाकघरात ऐकू जायचं आणि सासूबाई तिथूनच विचारायच्या, पाणी हवंय का.

त्यानंतरच्या शनिवारी भलताच गोंधळ झाला. मला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, आणि माइक माझ्या पुढ्यातच. डॉक्टरांनी दोनदा तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं, मग विचारलं की तुमच्या हातात काय आहे. मी म्हटलं, बांगड्या. "मला तुमच्याऐवजी त्याच ऐकू येतायत. काढा त्या," त्या म्हणाल्या.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "त्या न्हाई निघायच्या. बाळतपण हुईस्तवर न्हाई."

मला वाटलं, आता दुसरा डॉक्टर शोधायची वेळ आली. पण पडद्यावरच्या बाईंनी नुसता चष्मा पुसला आणि म्हणाल्या की मग हात मांडीखाली घेऊन बसा. उरलेला वेळ मी शाळेतल्या पोरीसारखी हातांवर बसून उत्तरं दिली. सासूबाई जिंकल्या होत्या आणि पुढचे दोन दिवस त्यांच्या चालण्यातही ते दिसत होतं.

सोमवारी आमच्या डॉक्टर येऊन गेल्या. रक्तदाब नीट, लघवी नीट. त्या आठवड्यात मला जरा जड वाटायला लागलं, पण सातव्या-आठव्या महिन्यात कुणाला हलकं वाटतं? चेहरा भरला. समोरच्या काकू डाळ मागायला आल्या आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या की काय तेज आलंय हो सुनेच्या तोंडावर. सासूबाईंनी लगेच माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. संध्याकाळी मी आरशात पाहिलं आणि मलाही ते पटलं. गाल वर आले होते, कातडी चकाकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी जाहिरातीतल्या बाईसारखी दिसत होते आणि त्याचा मला आनंद झाला.

शनिवारी सासूबाईंनी हिरवी साडी काढली. एवढं तेज आलंय तर ते डॉक्टरीणबाईंनाही दिसू दे, म्हणून पावडरीचा हातही जरा सढळ फिरवला. सासऱ्यांनी आवाज येतोय का विचारलं. आवाज येत होता, चित्रही त्या दिवशी स्वच्छ होतं. डोळा झाला. पाय झाला, दिवसभर उशीवर पाय घेऊन पडून असल्यामुळे खळगा पडला नाही. डोकं दुखत नव्हतं, डोळ्यांपुढं काही चमकत नव्हतं. मागून सासूबाई म्हणाल्या की समदं झ्याक हाय, आणि मीही म्हटलं, छान आहे. डॉक्टरांनी पुढची वेळ सांगितली. निरोप घेता घेता मी त्यांना बाळ आता कुठं लाथ मारतं ते दाखवायला लागले. दोन्ही हातांनी, इथं आणि मग इकडं. सगळं पोट हातांनी आखून दाखवलं.

त्यांनी मधेच मला थांबवलं. "बांगड्या काढल्यात?"

"नाही. आहेत की हातात."

"मग वाजत का नाहीत?"

मी हातांकडं पाहिलं. सासऱ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही हात डोक्याच्या वर करा. मी केले. कोपरापर्यंत घसरायला हव्या होत्या त्या बांगड्या मनगटाशी जिथल्या तिथं रुतून बसल्या होत्या आणि दोन बांगड्यांच्या मधून कातडी फुगून वर आली होती. मी रोज हे हात बघत होते. त्याच हातांनी जेवत होते.

त्यांनी मला तोंड धुऊन, पुसून खिडकीच्या उजेडात बसायला सांगितलं. पावडर गेली. सासऱ्यांनी कॅमेरा माझ्याकडं वळवला. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि मग मला नाही, सासूबाईंना विचारलं, "आजी, खरं सांगा. मागच्या शनिवारी हिचा चेहरा असा होता?"

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं. त्या कॅमेऱ्यापुढं त्या आजवर छानशिवाय दुसरं काही बोलल्या नव्हत्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "असा न्हवता. आन् दोन दिस झालं, ही कूस बदालती ते मला आत ऐकू येत न्हाई. मला वाटलं, निवांत झोपतीय."

"आत्ता निघा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरांना मी फोन करते. सामान भरत बसू नका."

नवऱ्यानं आणि शेजारच्यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं. आमच्या डॉक्टर प्रसूतिगृहाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि त्यांचा चेहरा पाहून मला आकडा विचारायची गरज उरली नाही. लघवीतही दोष आला. सोमवारी यातलं काहीच नव्हतं. पुढच्या सोमवारपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मी आजवर विचारलेलं नाही. झटके येऊ नयेत म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं. बाळाचे ठोके लावून मला ऐकवले. ठोके होते. मी रडले, आणि रडताना मला जाणवलं की या खेपेला मी वेळेवर पोचले आहे.

सलाईन लावायची होती, पण बांगड्यांनी हात जखडलेला. सिस्टरनं साबण लावून पाहिला. एकही हलली नाही. ती कात्रीसारखं काहीतरी घेऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं. मला वाटलं, आता इथंही त्या भांडणार. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, ठेवणीतल्या साडीचा पदर मनगटाभोवती गुंडाळला, म्हणजे मला काच लागू नये, आणि पदरावरून दाबून एकेक बांगडी स्वतः वाढवली. ज्याच्यासाठी त्या मुंबईच्या डॉक्टरांशी भांडल्या होत्या तोच तो चुडा. शेवटची बांगडी वाढवून झाल्यावर काचा पदरात गोळा करत त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी त्यांचं काम केलं."

तिथून मला बाळांसाठी काचेची पेटी असलेल्या मोठ्या इस्पितळात हलवलं. आता लढाई वेळेची होती. बाळ फार लहान होतं. जितके दिवस ते पोटात राहील तितकं त्याच्या फायद्याचं, आणि जितके दिवस ते पोटात राहील तितका मला धोका. तिथल्या डॉक्टरांना मुंबईच्या बाईंचा पडद्यावरून येणारा सल्ला सुरुवातीला रुचला नाही. मग दोघांचं फोनवर बोलणं झालं आणि ते बदललेच. नंतर तेच नवऱ्याला विचारायचे की मॅडम आज लागल्या का. नवरा लॅपटॉप आणि डेटा कार्ड घेऊन रोज खिडकीशी उभा राहायचा, कारण रेंज तिथंच मिळायची. मॅडम लागल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: हात दाखवा. मी हात वर करायची. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. औषधांनी रक्तदाब कधी ऐकायचा, कधी नाही. मला विचाराल तर मी नोकरीत कधी घातला नाही इतका जीव त्या दिवसांत स्वस्थ पडून राहण्यात घातला. प्रत्येक उजाडलेला दिवस मी जिंकल्यासारखा मोजत होते.

मग एका सकाळी रक्तदाब ऐकेना. मुंबईच्या डॉक्टर म्हणाल्या, "बास. पुरेसं झालं. आता काढा तिला बाहेर." तिला म्हणाल्या ते आपल्या नेहमीच्या बोलण्यातलं; मुलगा की मुलगी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मुलगीच झाली. ऑपरेशनच्या टेबलावर पडद्याच्या पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. पहिल्या खेपेला खोलीत काहीच ऐकू आलं नव्हतं. जगात आजवर मी ऐकलेला सगळ्यात सुंदर आवाज कोणता, असं मला कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. तिला पेटीत ठेवलं. ती मूठभर होती, पण चिवट निघाली. वजन वाढवलं, नळ्या टाकून दिल्या आणि एका भर दुपारी, टळटळीत उन्हात, आम्ही तिला विश्रांतवाडीला घरी आणली. ज्या जिन्यावरून मला खुर्चीत बसवून उतरवलं होतं तोच जिना मी तिला घेऊन स्वतःच्या पायांनी चढले. सासरे पुढं, नवरा मागं, आणि दारात सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या. मी जिंकले होते. दुसरा कुठलाही शब्द मला त्यासाठी चालणार नाही.

पहिल्या रविवारी नणंदेचा फोन लागला तेव्हा सासूबाई घरच्या सुती साडीत कॅमेऱ्यापुढं बसल्या. पावडर नाही, चादर तशीच. लेकीनं विचारलं, आई, कशी आहेस. सासूबाई म्हणाल्या की गुडघे फार दुखतात, रात्री झोप लागत नाही, आणि वहिनीच्या वेळी मी लय घाबरले होते. मग नणंदेनं सांगितलं की तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे, आणि ती कधीचीच गेली आहे. त्या दिवशी दोघी मायलेकी पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढं रडल्या, आणि पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या.

त्यानंतरच्या शनिवारी मुंबईच्या डॉक्टरांची शेवटची वेळ होती. माझा रक्तदाब उतरला होता, हात पूर्वीसारखे सडपातळ झाले होते. सासरे माइक घेऊन बसले. मी मुलीला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यापुढं धरली. तिला तो उजेड, ती जागा, आम्ही सगळेच नापसंत पडलो असणार, कारण तिनं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की सासऱ्यांचं आवाज येतोय का त्यात बुडूनच गेलं. पडद्यावर डॉक्टरांनी चष्मा काढला. काहीतरी बोलल्या, ते ऐकू आलं नाही. मी पोरीला थोपटायला लागले, नवरा खुळखुळा शोधायला धावला. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बांगड्यांपेक्षा वाईट आहे हे. राहू द्या, गप्प करू नका."

चष्मा हातात धरून त्या ऐकत राहिल्या. सासूबाईंनी सासऱ्यांच्या हातातून माइक घेतला आणि तो पोरीच्या तोंडाजवळ नेला.